चाळीस घरांची पट्टी

दहावीच्या बीजगणितात वर्गसमीकरण सोडवण्याची एक रीत आहे. तिला 'पूर्ण वर्ग पद्धती' म्हणतात. क्ष च्या सहगुणकाची निमपट करा, तिचा वर्ग करा, तो दोन्ही बाजूंत मिळवा. मुले हे मंत्रासारखे पाठ करतात. मीही तसेच पाठ केले होते आणि शिक्षक झाल्यावर पहिली कित्येक वर्षे मुलांकडून तसेच पाठ करून घेतले. निमपटच का करायची, तिचा वर्ग कशासाठी, हे कुणी विचारले नाही. विचारले असते तर मला सांगता आले नसते. पद्धतीचे नाव 'पूर्ण वर्ग', आणि फळ्यावर वर्ग, म्हणजे साधा चौरस, कुठेच दिसत नाही.

तो चौरस पूर्वी होता. सुमारे बाराशे वर्षांपूर्वी बगदादमध्ये लिहिलेल्या एका पुस्तकात तो काढलेला आहे, त्याच्या चार बाजूंना चार पट्ट्या लावलेल्या आहेत आणि चार कोपरे रिकामे ठेवलेले आहेत. पुढे कधीतरी आकृती गळून पडली आणि मंत्र उरला.

मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी, मराठी माध्यमाच्या शाळेत मी गणित शिकवत असे. वर्गात बागवान, मोमीन, शिकलगार, मिस्त्री अशा घरांतली मुले-मुली बरीच असत. गणितात ती मागे पडत आणि त्याचे कुणाला आश्चर्य वाटत नसे. पालक येऊन सांगत, "सर, आमच्यात हे डोकं नसतं. पोरगी पास झाली तरी बस." हे वाक्य ऐकून ऐकून शिक्षकालाही खरे वाटू लागते. माझेही तसेच झाले होते. बगदादचे ते पुस्तक हाती आले ते इंग्रजी भाषांतरातून, आणि फार उशिरा.

पुस्तक मुहंमद इब्न मूसा अल् ख्वारिज्मी याचे. खलिफा मामूनच्या कारकिर्दीत (इ.स. ८१३ ते ८३३) तो बगदादच्या 'बैतुल हिकमत' या ज्ञानगृहात काम करत होता. पुस्तकाच्या लांबलचक अरबी नावातला 'अल् जब्र' हा शब्द पुढे युरोपभर गेला. ११४५ मध्ये रॉबर्ट ऑफ चेस्टरने त्याचे लॅटिन भाषांतर केले. १८३१ मध्ये फ्रेडरिक रोझेनचे इंग्रजी भाषांतर लंडनमध्ये छापले गेले. ख्वारिज्मीच्या नावाच्याच लॅटिन रूपातून 'अल्गोरिदम' हा शब्द निघाला. एवढी माहिती आपल्या सभासंमेलनांतून नेहमी ऐकू येते. 'अल्जेब्रा मुसलमानांनी शोधला' असे वक्ता म्हणतो, टाळ्या पडतात आणि दुसऱ्या दिवशी त्याच टाळ्या वाजवणाऱ्यांची मुले गणिताच्या तासाला मागच्या बाकावर जाऊन बसतात. शिवाय ते वाक्य पुरते खरेही नाही. ख्वारिज्मीच्या आधी बॅबिलोनच्या मातीच्या विटांवर असली उदाहरणे कोरलेली आहेत. आपल्याकडे ब्रह्मगुप्ताने इ.स. ६२८ मध्ये वर्गसमीकरणाची रीत दिली आहे. आणि भारतीय अंकांवर स्वतंत्र पुस्तक लिहून ते अंक पश्चिमेकडे पोचवणाऱ्यांत खुद्द ख्वारिज्मीच आहे. त्याचे मोठेपण वेगळे. त्याने या हिशेबाचे एक शास्त्र मांडले, त्याचे सहा प्रकार ठरवले आणि प्रत्येक रीत खरी का, हे आकृती काढून दाखवले.

पुस्तकात एकही चिन्ह नाही. अधिक-उणेची खूण नाही, क्ष नाही. सगळे शब्दांत. अज्ञात संख्येला तो 'शय', म्हणजे वस्तू, किंवा 'जिज्र', म्हणजे मूळ, असे म्हणतो आणि तिच्या वर्गाला 'माल'. 'जब्र' म्हणजे मोडलेले हाड जोडणे. समीकरणात एका बाजूला काही वजा असेल, तर ती तूट भरून काढायची. 'मुकाबला' म्हणजे समोरासमोर आणणे. दोन्ही बाजूंना सारखे असलेले दोन्हीकडून काढून टाकायचे. उर्दूत या विषयाला 'जब्र व मुकाबला' म्हणतात. माझ्या वर्गातल्या एका मुलाला जब्र म्हणजे जुलूम आणि मुकाबला म्हणजे लढत एवढेच ठाऊक होते. तो म्हणाला, "सर, नाव बरोबर ठेवलंय." हाडवैद्याची गोष्ट सांगितल्यावर तो विचारात पडला. त्याचे आजोबा हाडे बसवत असत.

ख्वारिज्मीचे ते प्रसिद्ध उदाहरण असे. एक वर्ग आणि त्याची दहा मुळे मिळून ३९ दिरहम होतात. आपल्या भाषेत, क्ष वर्ग अधिक १० क्ष बरोबर ३९. मी पुठ्ठे आणले. चार सेंटिमीटर म्हणजे एक एकक असे ठरवले. प्रत्येक बाकावर एक तांबडा चौरस दिला. त्याची बाजू मोजायची नाही, अशी अट घातली आणि पट्ट्या दप्तरात ठेवायला लावल्या. सोबत चार हिरव्या पट्ट्या दिल्या. प्रत्येकीची लांबी चौरसाच्या बाजूइतकी, रुंदी अडीच एकक. अडीच कशाला? दहा मुळे चार बाजूंना सारखी वाटायची म्हणून. चौरसाच्या चारही अंगांना पट्ट्या लावल्या की मधे फुगलेल्या अधिकाच्या खुणेसारखा आकार होतो. त्याचे क्षेत्रफळ ३९. आता चारही कोपऱ्यांत खाचा राहतात. "हे भरून काढलं तर?" असे एका मुलीने आपणहून विचारले आणि माझे काम संपले. प्रत्येक खाच अडीच बाय अडीच, म्हणजे सव्वासहा. चार खाचा मिळून २५. ३९ आणि २५ मिळून ६४. मोठ्या चौरसाची बाजू ८. तिच्यातून दोन्हीकडच्या पट्ट्यांचे अडीच-अडीच गेले, उरले ३. मग पट्ट्या बाहेर काढायला सांगितल्या. तांबड्या चौरसाची बाजू बारा सेंटिमीटर भरली, म्हणजे बरोबर तीन एकक.

वर्गात जो आवाज झाला त्याने शेजारच्या वर्गातले सर डोकावून गेले. कोपरा रिकामा दिसला की भरावासा वाटतो. त्यासाठी पाठांतर लागत नाही. ख्वारिज्मीनेच दुसरी आकृती दिली आहे, त्यात चारऐवजी दोनच पट्ट्या, पाच-पाच रुंदीच्या, आणि एकच खाच, पाच बाय पाच. आपल्या पाठ्यपुस्तकातली 'निमपटीचा वर्ग' ही रीत म्हणजे ही दुसरी आकृती. ती दाखवल्यावर मुले एकमेकांना उदाहरणे घालू लागली. पुठ्ठे संपले तेव्हा वहीच्या कागदावर, कागद संपला तेव्हा मनात.

एक गोष्ट मुलांना विशेष आवडली. ख्वारिज्मीच्या उत्तरांत ऋण संख्या नाही, कारण बाजूची लांबी ऋण कशी असेल? म्हणूनच त्याला सहा प्रकार वेगळे करावे लागले. त्यातला एक प्रकार मी वर्गात न घेता मैदानावर घेतला. वर्ग आणि २१ मिळून दहा मुळांइतके होतात, हे त्याचेच उदाहरण. सुतळीचे वीस हात लांबीचे कडे केले. चौघांनी चार कोपरे धरून आयत करायचा, क्षेत्रफळ २१ चौरस हात यायला हवे. लगतच्या दोन बाजूंची बेरीज १० राहणारच. मुले मागेपुढे सरकत राहिली आणि सात बाय तीनवर थांबली. दुसऱ्या गटाने तीन बाय सात केला आणि भांडण लागले की बरोबर कोण. एकच आयत एकीकडे उभा आणि दुसरीकडे आडवा. ख्वारिज्मी या प्रकाराला दोन उत्तरे देतो, ३ आणि ७, ती अशी. मग मी २६ चौरस हातांचा आयत मागितला. अर्धा तास घाम गाळला तरी तो होईना. सगळ्यात मोठा आकार पाच बाय पाचचा, म्हणजे २५ चा. त्यापुढे सुतळी जात नाही. पुस्तकात नेमके हेच सांगितले आहे की मुळांच्या निमपटीचा वर्ग दिलेल्या संख्येपेक्षा लहान असेल तर उदाहरण अशक्य समजावे. आमच्या पोरांनी ते तळहाताला सुतळीचे वळ उमटवून घेऊन शोधले.

बीजगणिताची प्रश्नपत्रिका वेगळी आणि भूमितीची वेगळी, ही आपल्याकडची परीक्षेची सोय आहे. बगदादच्या लोकांना ती भिंत माहीत नव्हती. साबित इब्न कुर्रा (मृत्यू ९०१) हा हर्रानचा, धर्माने साबी, मुसलमान नव्हे. त्याने ख्वारिज्मीच्या रीतींना युक्लिडच्या प्रमेयांचा आधार जोडून दिला. पुढे उमर खय्याम (१०४८ ते ११३१), ज्याला आपण केवळ रुबायांमुळे ओळखतो, त्याने घनसमीकरणे सोडवली ती वक्ररेषा एकमेकींना छेदवून. बीजगणित ही अज्ञात काढण्याची नुसती हातचलाखी आहे असे समजणाऱ्यांवर तो चिडला आहे. त्याच्या मते बीजगणितातली सत्ये ही सिद्ध झालेली भूमितीची सत्येच.

मला मात्र या सगळ्यांत अबुल वफा बूझजानी जवळचा वाटतो. ९४० ते ९९८ हा त्याचा काळ. खुरासानातून येऊन बगदादमध्ये राहिलेला मोठा गणिती, पण त्याने एक पुस्तक कारागिरांसाठी लिहिले. कारागिराला भूमितीतले काय काय लागते, हा त्याचा विषय. गणिती आणि कारागीर जिथे एकत्र बसून बोलत अशा बैठकींना तो स्वतः हजर राहिल्याचे त्यात सांगतो. एका बैठकीत प्रश्न निघाला की तीन सारख्या चौरसांचे तुकडे करून एकच मोठा चौरस कसा जोडावा. कारागिरांच्या काही रीती होत्या. दिसायला चोख, पण खऱ्या नव्हेत. गणिती रेषांनी सिद्ध करून मोकळे झाले, पण त्यांची सिद्धता कापायला उपयोगी नाही. अबुल वफा दोघांनाही दोष देतो. कारागीर डोळ्यावर विश्वासतो आणि गणित्याला हाताची सवय नसते.

त्याची स्वतःची रीत अशी. दोन चौरस कर्णावर कापा. चार त्रिकोण मिळतील. तिसरा चौरस मधे ठेवा. प्रत्येक त्रिकोणाचे एक टोक चौरसाच्या एकेका कोपऱ्याला लावून त्याची लांब बाजू चौरसाच्या बाजूवरून जाऊ द्या. ती पुढे थोडी बाहेर निघेल. भिंगरीच्या चार पात्यांसारखे दिसेल. आता चार काटकोनांची टोके सरळ रेषांनी जोडा. रेषेबाहेर जेवढे तुकडे राहतात तेवढ्याच खाचा आत राहतात. बाहेरचे कापून आत बसवा. झाला एक चौरस.

हे मी पतंगाच्या कागदावर करून घेतले. वर्गात फरशी बसवणाऱ्या मिस्त्रीचा एक मुलगा होता. चाचणीत त्याला वीसपैकी चारपाच गुण पडत. त्या दिवशी त्याचा चौरस पहिला जुळला आणि तो इतरांच्या बाकांवरून फिरू लागला, "हे पातं उलटं लागलंय, फिरव." मग मी विचारले, "या मोठ्या चौरसाची बाजू किती?" त्याने पट्टी लावून उत्तर दिले. दहा सेंटिमीटरचे चौरस होते, बाजू सतरा सेंटिमीटर आणि वर थोडी. "थोडी म्हणजे?" तो म्हणाला, "फरशीत सांध्यात जाईल इतकी." मी क्षेत्रफळ विचारले. तिन्ही चौरसांचे मिळून तीनशे, म्हणजे बाजू तीनशेचे वर्गमूळ, १७.३२. सांध्यात जाणारी ती किंचित लांबी म्हणजेच अपरिमेय संख्या, हे त्याला पाठ्यपुस्तकाने दोन वर्षे सांगितले होते आणि एकदाही पोचले नव्हते.

इथवर सगळे बगदादचे झाले. आपल्या मातीचा याच्याशी संबंध काय, असे वाचक विचारील. संबंध आहे आणि तो औट्रम घाटाच्या दोन्ही अंगांना पसरलेला आहे. घाटाखाली चाळीसगावजवळ पाटण आहे. तिथल्या शिलालेखात भास्कराचार्याच्या घराण्याची वंशावळ कोरलेली आहे. भास्कराचार्याच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी त्याचा नातू चांगदेव याने १२०७ मध्ये मठ स्थापल्याची नोंदही आहे. भास्कराचार्य जन्मला १११४ मध्ये. 'सिद्धांतशिरोमणी' पुरा केला ११५० मध्ये. त्याची 'लीलावती' म्हणजे वर्गात खेळवण्यासाठीच केलेले गणित वाटावे असे पुस्तक. बत्तीस हात उंच वेळू वाऱ्याने मोडला, शेंडा बुंध्यापासून सोळा हातांवर टेकला, तर तो किती उंचीवर मोडला? मी मुलांना उसाचे टिपरू दिले आणि मोडून बघायला सांगितले. बारा हातांवर. उरलेला वीस हातांचा तुकडा म्हणजे कर्ण. बारा, सोळा, वीस. तळ्यातले कमळ पाण्याच्या वर अर्धा हात, वाऱ्याने दोन हात सरकून बुडाले, तर पाणी किती खोल? पावणेचार हात. हे उदाहरण आम्ही बादली आणि एरंडाच्या फांदीवर केले. उत्तर ढोबळच आले, पण पाणी सगळ्यांच्या अंगावर उडाले.

'लीलावती'चे फारसी भाषांतर अकबराच्या दरबारातल्या फैझीने १५८७ मध्ये केले. भास्कराचार्याच्या 'बीजगणित' या ग्रंथाचे फारसी भाषांतर शहाजहानच्या काळात, १६३४-३५ च्या सुमारास झाले. भाषांतर करणारा अताउल्ला रशीदी. ताजमहालाचा वास्तुकार मानल्या जाणाऱ्या उस्ताद अहमद लाहोरीचा हा मुलगा. याचा भाऊ लुत्फुल्ला 'मुहंदिस', म्हणजे भूमितीकार, हे नाव लावत असे. आणि घाटाच्या वरच्या अंगाला, औरंगाबादेत (२०२३ पासून छत्रपती संभाजीनगर), दिलरस बानू बेगमचा जो मकबरा १६६०-६१ मध्ये उभा राहिला, ज्याला आपण बीबी का मकबरा म्हणतो, त्याच्या दरवाजावर दोन नावे कोरलेली आहेत. अताउल्ला आणि हंसपतराय. पाटणच्या पंडिताचे बीजगणित ज्याने फारसीत नेले, त्यानेच घाटमाथ्यावर ही इमारत उभी केली. उलट दिशेनेही रस्ता चालू होता. नसीरुद्दीन तूसीने अरबीत मांडलेला युक्लिड अठराव्या शतकाच्या पूर्वार्धात सवाई जयसिंगाच्या पदरी असलेल्या सम्राट जगन्नाथाने 'रेखागणित' नावाने संस्कृतात आणला. हा जगन्नाथ महाराष्ट्रीय होता असे मानतात. भूमितीच्या पुस्तकात आपल्या मुलांना युक्लिड भेटतो, पायथागोरस भेटतो. अताउल्ला भेटत नाही आणि जगन्नाथही नाही.

सहलीला मुले मकबऱ्यात नेली. सहलीत गणित कशाला, म्हणून आधी तोंडे वाकडी झाली. आवार सुमारे ४५८ मीटर लांब आणि २७५ मीटर रुंद आहे. तिरपे गेले तर किती चालावे लागेल? मुलांनी फरशीवर बोटाने हिशेब केला, सुमारे ५३४ मीटर. मग आत कबरीभोवतीची अष्टकोनी जाळी पाहिली. परत आल्यावर चौरस कागदातून अष्टकोन कापायला दिला. बहुतेकांनी बाजूचे तीन सारखे भाग करून कोपरे उडवले. डोळ्याला छान दिसते. मोजले तर चोवीस सेंटिमीटरच्या चौरसात सरळ बाजू आठ आणि तिरपी सव्वाअकरा. अबुल वफाने ज्याबद्दल बजावले ती डोळ्याची चूक ती हीच. खरी रीत म्हणजे कर्कटक अर्ध्या कर्णाइतके उघडायचे, चारही कोपऱ्यांवरून बाजूंवर खुणा करायच्या आणि त्या जोडायच्या. मिस्त्रीच्या मुलाने घरी विचारून येऊन सांगितले की त्याच्या वडिलांना ही रीत येते. कुणी शिकवली? त्यांच्या वडिलांनी.

ख्वारिज्मीच्या पुस्तकाचा जवळपास अर्धा भाग मी अजून सांगितलेला नाही. वर्गातही तो मी उशिरा काढला. प्रस्तावनेतच तो सांगतो की हा हिशेब लोकांना रोज लागतो, वारसाहक्कात, वसीयतीत, वाटणीत, कज्ज्यांत, व्यापारात, जमीन मोजताना, कालवे खणताना. यात पहिले नाव वारसाचे. आणि पुस्तकाचा उत्तरार्ध संपूर्ण वसीयतींचा आहे. एक माणूस दोन मुलगे मागे ठेवून जातो. मालमत्तेचा तिसरा हिस्सा एका परक्याला द्या, असे सांगून जातो. मागे रोख दहा दिरहम आहेत आणि एका मुलाकडून येणे असलेले दहा दिरहम. ते येणे पुरते हाती येणार नाही. त्या मुलाच्या हिश्शाइतके कर्ज तेवढे वळते धरायचे. तो हिस्सा म्हणजे 'वस्तू'. दहा अधिक वस्तू, याचा तिसरा भाग पुन्हा वस्तूच. म्हणजे तीन वस्तू बरोबर दहा अधिक एक वस्तू. वस्तू पाच. रोख दहातले पाच परक्याला, पाच दुसऱ्या मुलाला. बीजगणिताची पहिली पाठशाळा म्हणजे अशी घरे होती, जिथे कुणीतरी नुकताच वारला आहे आणि भावंडे ओसरीवर बसली आहेत.

सूरए निसामध्ये हिस्से अपूर्णांकांत दिलेले आहेत, निम्मा, चौथा, आठवा, दोन तृतीयांश, तिसरा, सहावा. कधी त्यांची बेरीज एकापेक्षा जास्त होते. बायको, दोन मुली, आई आणि बाप राहिले तर चोविसात तीन, सोळा, चार आणि चार, म्हणजे सत्तावीस. हजरत अलींना हा प्रश्न मिंबरवर असताना विचारला गेला आणि त्यांनी तिथल्या तिथे उत्तर दिले की तिचा आठवा हिस्सा नववा झाला, अशी रिवायत आहे. चोविसाचे भाग सत्ताविसांत बसवायचे, प्रत्येकाचा थोडा-थोडा कमी करायचा. सुन्नी फिकहने हीच रीत धरली. मुलाला दोन आणि मुलीला एक, हे प्रमाण आजच्या काळात पुरेसे आहे काय, हा वेगळा आणि गंभीर वाद आहे. मी तो वर्गात काढला नाही. जे पुस्तकात आहे तेवढे तरी येते का, ते बघू म्हटले.

प्रत्येकाला कागदाची लांब पट्टी दिली. उदाहरण घातले की एक माणूस बायको, एक मुलगा आणि तीन मुली मागे ठेवून वारला. बायकोला आठवा. उरलेल्याचे मुलाला दोन वाटे आणि मुलींना एकेक, म्हणजे पाच वाटे. पट्टीला किती घरे पाडायची? आठाने भाग जायला हवा आणि उरलेल्याला पाचाने. लसावि चाळीस. पट्टीवर चाळीस घरे आखली. पाच आईची, उरली पस्तीस. मुलीचा वाटा क्ष धरला तर दोन क्ष अधिक तीन क्ष बरोबर ३५, क्ष बरोबर ७. मुलाला चौदा. मुले रंग भरत होती. एका मुलीने तिन्ही मुलींच्या सात-सात घरांना वेगवेगळे रंग दिले होते.

दुसऱ्या दिवशी तीच मुलगी पट्टी घेऊन टेबलापाशी आली. "सर, आमच्या दादाजींचं असंच आहे. दादी, अब्बा आणि तीन फुप्प्या." मी म्हटले, "मग उत्तर तेच." ती म्हणाली, "हो. पण फुप्पींची सात-सात घरं कुणाकडे आहेत?" मी काही बोललो नाही. तिने खुलासा केला की अम्मी सांगते, तिघींनी सही केली आहे, तहसीलजवळ जाऊन. मग तिने पट्टी घडी करून वहीत ठेवली आणि जागेवर जाऊन बसली.

ही २००४ ची गोष्ट. हक्कसोडपत्र हा शब्द त्या मुलीला माहीत नव्हता. मला माहीत होता. आमचे वडील वारले तेव्हा आम्ही दोन भाऊ, एक बहीण आणि आई. आठवा हिस्सा आईचा, उरलेल्याचे पाच वाटे. म्हणजे तीच चाळीस घरे, आई पाच, आम्ही भाऊ चौदा-चौदा, बहीण सात. घर आणि मागची मोकळी जागा. माहेर तुटू नये म्हणून बहिणी सही करतात, असे आपल्याकडे मोठ्या मायेने सांगितले जाते. आमच्या बहिणीनेही केली. कागद तिच्यापुढे मीच ठेवला होता आणि कुठे सही करायची तिथे बोटही मीच ठेवले होते. तेव्हा मी पदवीला गणितच शिकत होतो.

त्या रात्री घरी पट्टी आखली. बहिणीला फोन केला. सगळे सांगितल्यावर ती थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "भाईजान, सात घरं म्हणजे मागच्या जागेत कुठून कुठपर्यंत येतं?" मी म्हटले, मोजून सांगतो. जागा आयताकृती नव्हती. एक बाजू गल्लीकडे तिरपी गेलेली आहे. म्हणून मी सकाळी टेप घेऊन गेलो आणि कर्ण काढून तिचे आधी दोन त्रिकोण केले.